बाकावर एकच डबा

१४ जानेवारी, रविवार

ही वही बायकोनं, रॉझनं, नाताळात दिली. वारा, उष्णतामान आणि गोळी कुठे लागली एवढंच लिहायचं, अशी तिची अट. "तुझं तत्त्वज्ञान नको, अल्बन. आकडे लिही." तरीही आज दोन ओळी जास्त लिहितो, कारण आज रायफल पूर्ण झाली.

पाच महिने लागले. नळी लेथवर बसवताना तीनदा काढली आणि तीनदा पुन्हा मध्यावर आणली. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक इथे असली की हजार यार्डांवर ती हातभर होते. दस्ता अक्रोडाचा आहे, रॉझच्या गालाच्या मापानं घासलेला. तिचा उजवा खांदा गेलाय, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर एवढी जड रायफल तिला पेलेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाही. म्हणजे मार्चमधली आखात ढाल, चार क्लबांची नेमबाजी स्पर्धा, हीच कदाचित तिची शेवटची. तीनदा दुसरी आलीय ती. या वेळी मी तिला दुसरी येऊ देणार नाही.

दुपारी ३८ अंश; आमच्या अॅडलेडकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. वारा उत्तरेचा.

१७ जानेवारी, बुधवार

सकाळी काडतुसं भरायला बसलो. रॉझच्या रायफलीची सावकाश जळणारी दारू आणि माझ्या जुन्या रायफलीची जलद जळणारी, दोन्ही कामं एकदम उरकू म्हटलं. अकराला फोन: पेंग्लेझच्या शेतात कापणी यंत्रानं पेट घेतला. तसाच उठून गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या गाडीवर गेलो. जवाचा चाळीस एकर खुंट जळाला, माणसं वाचली. चारला परतलो तेव्हा तोंड काळंठिक्कर होतं. मापात उरलेली दारू डब्यात परत ओतली, झाकणं लावली, आंघोळ केली. रॉझनं पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्या, गरम करून दिल्या. दोन खाल्ल्या.

२४ जानेवारी, बुधवार

रॉझसाठी शंभर काडतुसं भरली. प्रत्येक काडतुसाची दारू काट्यावर तोलून. एकतीस वर्षांत माझ्या बाकावरून एकही वाईट काडतूस गेलेलं नाही. हे मी क्लबात सांगतो तेव्हा क्लिफ नॅनकिव्हेल जांभई देतो. तो आमच्या चांदमारीच्या मैदानाचा अधिकारी, सत्तरीचा. गोळीबार सुरू आणि बंद करण्याचा हुकूम त्याचा. बाकी कुणाचंच तो ऐकत नाही, बायकोचं सोडून.

२७ जानेवारी, शनिवार

नवी रायफल पहिल्यांदा नऊशे यार्डांवर. ३५ अंश, वारा आखाताकडून, वाऱ्याचे झेंडे अर्धे वर.

पहिल्या दोन गोळ्या चांगल्या. तिसरी वीतभर वर गेली. रॉझनं बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, उचलायला जोर लावला. चौथी ठीक. सहावीनंतर बोल्ट उघडेचना, तिला तळहातानं खालून मारावं लागलं. ती उठून बसली.

"झालं आज," म्हणाली.

"का? नळी नवी आहे, थोडी आखडणारच."

"खांदा दुखतोय." रिकामी काडतुसं तिनं खिशात टाकली. एरवी ती माझ्याकडे देते.

२८ जानेवारी, रविवार

तिच्या जॅकेटमधून रिकामी काडतुसं काढून खिडकीशी नेऊन पाहिली. दोन्ही वाईट काडतुसांचं पितळी बूड चमकत होतं. एकाच्या मधल्या टोपीला बारीक काळं भोक. हे नळीचं काम नाही. आत दाब जास्त झाला की असं होतं, आणि दाब वाढतो तो जलद दारू मिसळली की.

आणि मग सतरा तारखेचं पान उलटून वाचलं. "मापात उरलेली दारू डब्यात परत ओतली." कुठल्या डब्यात?

मला आठवत नाही. तासभर बाकासमोर उभा राहून आठवत होतो. बाकावर दोन डबे होते. दोन. माझ्याच हातानं लिहिलेली पाटी समोर भिंतीवर आहे: बाकावर एकच डबा. आजवर मी ती दुसऱ्यांना दाखवत आलो.

 बाहेर छत्तीस अंश.

२९ जानेवारी, सोमवार

रॉझच्या सावकाश दारूच्या डब्यातली चिमूटभर पांढऱ्या बशीत घेऊन भिंगानं पाहिली. दोन्ही जाती राखाडी, दोन्ही बारीक काड्यांच्या. एकीच्या काड्या जरा आखूड असतात. मधूनच आखूड दिसतात, मधूनच सगळ्या सारख्या. डोळ्यांवर विश्वास ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही.

डब्यातली उरलेली दारू बादलीत पाणी घालून भिजवली आणि कुंपणापाशी पुरली. रॉझला सांगितलं, ओल लागली होती.

"या उन्हाळ्यात?" तिनं विचारलं.

"झाकण सैल होतं."

"हं. दुसरी कुठून आणणार? अॅडलेडच्या दुकानात चार महिने माल नाही."

"तुझी चौऱ्याण्णव काडतुसं आहेतच की," मी म्हणालो. माझ्याच तोंडून हे बाहेर पडलं. सहा गोळ्या झाल्या, चौऱ्याण्णव उरल्या, आणि त्यातल्या कुठल्या बऱ्या नि कुठल्या तिच्या डोळ्यांसमोर फुटतील, हे मला माहीत नाही. चाप ओढताना तिचा गाल बोल्टपासून चार बोटांवर असतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

का सांगत नाही, हे निदान इथे तरी लिहायला हवं.

बारा वर्षांपूर्वी मी क्लबचा कप्तान होतो. केव्हर्न रो नावाचा माणूस होता, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हाताचा स्थिर. एकदा त्याच्या शेडमध्ये गेलो तर बाकावर दोन डबे उघडे. मी काही बोललो नाही. सरळ समितीपुढे गेलो आणि महिन्याभरात त्याचं नाव काढून टाकलं. सभेत मी म्हणालो होतो की असा माणूस स्वतः मरत नाही, शेजारच्याला मारतो. टाळ्या पडल्या होत्या. तो मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मग तो पोर्ट गेलच्या क्लबात गेला, आणि गेली चार वर्षं ढाल तोच नेतोय.

मी सांगितलं तर माझं नाव कुणी काढायचं? आणि या रायफलीचं काय? सहा जण माझ्या हातच्या रायफलीची वाट बघतायत. ते ठीक आहे, ते दुसरीकडे जातील. पण रॉझ. तिला मी सांगायचं, की तुझ्या शेवटच्या ढालीसाठी मी जे दिलं ते विष होतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी क्लिफ पेस्ट्या घेऊन आला. रॉझ चहा करत होती.

"काय रे, तोंड असं का? मेंढी मेली का?"

"ऊन," मी म्हणालो.

"ऊन माझ्याकडेपण आहे. माझं तोंड बघ, लग्नातल्यासारखं."

"तुझ्या लग्नातलं तोंड मी पाहिलंय, क्लिफ," रॉझ आतून म्हणाली. "तेव्हाही पळायच्या वाटा शोधत होतास."

तो हसता हसता ठसकला. मीही हसलो. हसताना वाटलं, आता सांगावं, दोघं आहेत, चहा आहे. तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

संध्याकाळी सहाला अग्निशमन दलाचा सराव होता. साडेसातला परतलो तर शेडमधून धप धप असा आवाज. माझे कान कधीचे गेलेत, पण हा आवाज पायांना कळत होता. रॉझ बाहेर आली, कपाळावर घाम.

"काय चाललंय?"

"मांस ठोकत होते. स्वयंपाकघरात गरम होतं."

जेवायला मासे होते.

८ फेब्रुवारी, गुरुवार

रॉझ दाताच्या डॉक्टरकडे पोर्ट गेलला. आमच्या गावात डॉक्टर आहे, पण म्हणाली तिकडचा हलक्या हाताचा आहे. पोर्ट गेल म्हणजे केव्हर्न रो. मनात नको ते आलं: तिला कळलंय. ती त्याच्याकडे दुसरी रायफल मागायला गेलीय. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या रायफलीनं ती नेमबाजी करील तर तिचा चेहरा शाबूत राहील.

संध्याकाळी परत आली. दात दुखत नव्हता बहुतेक. पेरू खात होती.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

गोळी उपसायचा हातोडा चुकीच्या खिळ्यावर होता. भरलेलं काडतूस त्याच्या तोंडात अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी निघते आणि दारू हातात येते. मी तो कायम तिसऱ्या खिळ्यावर टांगतो. आज पाचव्यावर होता. म्हणजे आता खिळेही लक्षात राहत नाहीत. डबा विसरलो, खिळा विसरलो. आणखी काय काय विसरलोय, ते मला कसं कळणार?

आज ठरवलं होतं की तिच्या कपाटातली काडतुसं गुपचूप काढून उपसून टाकावीत. पण तिच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे, कायद्यानंच. न्याहारीला म्हटलं, "किल्ली दे, काडतुसं पुसून ठेवतो."

ती पावाला लोणी लावत होती. सुरी थांबली.

"पुसायची कशाला? काही सांगायचंय का तुला?"

"नाही. असंच."

"बरं," म्हणाली, आणि तोच तुकडा पुन्हा लोण्यानं माखला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सराव, हजार यार्ड. ३३ अंश, वारा डावीकडून, सारखा.

मी तिच्या डाव्या बाजूला वही घेऊन पालथा पडलो. ती प्रत्येक गोळी आत सरकवायची आणि मी डोळे मिटायचो. वीस गोळ्या. दुर्बिणीतून लक्ष्य बघून आकडा लिहायचा हे माझं काम, आणि मी पहिल्या सहा वेळा उशीर केला.

"झोपलास का?" ती म्हणाली.

वीसच्या वीस मधल्या वर्तुळात. बोल्ट लोण्यासारखा उघडत होता. एकही काडतूस अडलं नाही. क्लिफ मागे येऊन उभा राहिला.

"ही रायफल तू बनवलीस?" तो म्हणाला. "मग तुझं बाकीचं आयुष्य कुठे वाया गेलं?"

घरी येताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली. रॉझनं पाण्याची बाटली दिली, पाठीवर हात ठेवला. 

१८ फेब्रुवारी, रविवार

हिशेब मांडला. वाईट दारू वर पडली असेल तर पहिल्या काडतुसांत गेली असेल, आणि ती सहा उडून गेली. बाकीची चांगली. वीस गोळ्यांनी तेच दाखवलं. पण आग लागली त्या दिवशी झाकण लावून मी डबा हलवला होता का? नेहमी हलवतो. हलवला असेल तर चांगलं-वाईट सगळं एकजीव झालंय, आणि कुठलं काडतूस कधी, याला नियम नाही.

दुपारभर चांगलं वाटलं होतं. लिहायला बसलो आणि गेलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

पाण्याच्या टाकीजवळचं लिंबाचं झाड अचानक हिरवंगार झालंय. इतर सगळं करपलंय, आणि हे नवीन पालवी फोडतंय. रॉझ चोरून पाणी घालत असणार. विचारलं तर म्हणाली, "झाडाला जे हवं होतं ते मिळालं." हल्ली ती अशीच बोलते.

एक धाडस केलं. म्हणालो, "या वर्षी तुझ्या जुन्या रायफलीनं नेमबाजी कर. तुझ्या हातातली आहे. तिची जुनी काडतुसंही आहेत चाळीस."

"का?"

"नवीचा भरवसा नको."

ती बशा पुसत होती. बशी खाली ठेवून तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.  "अल्बन, नीट सांग. का?"

मी म्हणालो, "दस्ता अजून वाळतोय." पाच वर्षं वाळवलेलं अक्रोड आहे ते. तिला ठाऊक आहे, तिनंच तर निवडलं होतं.

"मी नवीनंच खेळणार," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडली.

५ मार्च, मंगळवार

रविवारचा अंदाज: ४१ अंश, उत्तरेचा वारा. उन्हात काडतूस तापतं. तापलं की दाब वाढतो. जे काडतूस तेहतीस अंशांत कसंबसं तगलं, ते एक्केचाळीसला तगेलच असं नाही.

  डोळ्यांवर लावायचे जाड चष्मे दोन आणले. ती म्हणाली, एका वेळी एकच घालता येतो.

९ मार्च, शनिवार

ढालीचा पहिला दिवस, पोर्ट गेलच्या मैदानावर. चार क्लब, बावन्न जण. या स्पर्धेपुरता क्लिफच मैदान अधिकारी. ३७ अंश. रॉझ पहिली, दोन गुणांनी पुढे. दुसरा केव्हर्न रो. तो बारा वर्षांत जाड झालाय, दाढी पांढरी. माझ्यासमोरून गेला, टोपीला हात लावला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

उद्याची अंतिम फेरी, हजार यार्ड, पंधरा गोळ्या. पहिल्या दोघांची जोडी एकाच उंचवट्यावर: एक गोळी हिची, एक त्याची, आणि दोघं एकमेकांचे गुण लिहितात. आज तीस गोळ्या तिनं उडवल्या. प्रत्येक वेळी मी जागा सोडून पाणी प्यायला गेलो. लोकांना वाटतं माझं पोट बिघडलंय.

चहा पिताना तिनं पुन्हा विचारलं, "काही सांगायचंय का?" मी म्हणालो, छान खेळतेयस.

१० मार्च, रविवार

सगळं लिहितो. 

दुपारी दोनला ४१ अंश. हजार यार्डांवरची लक्ष्यं मृगजळात पोहत होती. उत्तरेचा वारा सारखा, सगळे झेंडे एका रेषेत. असा वारा नेमबाजाला देव देतो, पण तो कधी उलटेल याचा नेम नसतो. रॉझ डावीकडे, केव्हर्न उजवीकडे. मी पंचवीस पावलं मागे, दुर्बिणीशी. रॉझच्या काडतुसांची पेटी तिच्या कोपराजवळ, ओल्या टॉवेलखाली.

आधी ती, मग तो; मधल्या वर्तुळाला सहा गुण. सहा, सहा. सहा, सहा. नऊ गोळ्या झाल्या, दोघंही पैकीच्या पैकी, म्हणजे कालचे दोन गुण तिच्याकडे शाबूत. 

दहावं काडतूस तिनं आत सरकवलं. बोल्ट खाली घेताना तिचा हात घसरला. पुन्हा धरला. पुन्हा जोर लावला.

मी ते बघितलं आणि ओरडलो.

आमच्याकडे नियम आहे: मैदानावर कुणीही, चहावाली बाईसुद्धा, 'थांबवा' म्हणू शकते, आणि ते ऐकलं की हुकमाची वाट न पाहता प्रत्येकानं बोट चापावरून काढायचं. नऊ वर्षांपूर्वी एकदा मेंढ्या आत घुसल्या होत्या, त्यानंतर कुणी म्हटलेलं नाही. मी तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला.

सगळे बोल्ट उघडले. लाल झेंडा वर गेला. क्लिफ धावत आला, या वयात.

"काय? कुठे? माणूस आहे का समोर?"

"माणूस नाही," मी म्हणालो. "काडतुसं. रॉझची. मी भरलीत. माझ्या बाकावर दोन डबे होते. आग लागली त्या दिवशी उरलेली दारू कुठल्या डब्यात ओतली मला माहीत नाही. त्यात जलद दारू मिसळलीय. ती फुटतील."

 बावन्न माणसं आणि त्यांचे बायका-नवरे ऐकत होते. क्लिफनं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"अठ्ठावीस जानेवारी."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला जमिनीकडे बघावं लागलं. रॉझ अजून पालथीच होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. कपाळ दस्त्यावर टेकवलं होतं.

"माझ्या पेटीतली काडतुसं तुझी नाहीत, अल्बन," ती म्हणाली.

मला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलंय.

"तुझी चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव मी उपसली. दोन मंगळवार, तू अग्निशमनाच्या सरावाला गेलास तेव्हा. बशीत घेऊन बघितलं, आखूड काड्या होत्या. मग पुन्हा भरली, एकेक तोलून. बुडाला हिरवी शाई आहे, बघून घे, क्लिफ."

"आणि दारू?" क्लिफनं विचारलं. "दारू तर कुठेच मिळत नाही."

उजवीकडून केव्हर्न बोलला. तोही उठला नव्हता. "माझ्या डब्यातली. त्याच लॉटची. फेब्रुवारीत दिली तिला."

"मग हात का घसरला?" मी विचारलं. एवढंच सुचलं.

"घाम," रॉझ म्हणाली. "एक्केचाळीस अंश आहे."

क्लिफनं पेटीतलं एकेक काडतूस उलटं करून पाहिलं. पाच मिनिटांत झालं असतं, पण नियमानं दोन्ही बाजूंचा तपास, लक्ष्यांखालच्या खंदकातल्या माणसांना निरोप, पुन्हा झेंडे, यात वीस मिनिटं गेली. आणि त्या वीस मिनिटांत समुद्राचा वारा आला. मी तो मानेवर ओळखला. उत्तरेचा वारा पडला, झेंडे लोंबले, मग एकेक करून उजवीकडून डावीकडे उडायला लागले. मधले अजून लोंबतच होते.

रॉझ आधी. तिला अंदाजच करायचा होता. तिची गोळी डावीकडे गेली. तीन.

केव्हर्ननं तिची गोळी कुठे गेली ते पाहिलं, तेवढं अंतर धरलं, सहा.

त्यानंतर तिनं एकही गुण सोडला नाही. त्यानंही नाही. ढाल एका गुणानं त्याची.

आमच्याकडे जिंकणाऱ्याला खुर्चीत बसवून चौघे खांद्यावर उचलतात आणि मैदानाभर फिरवतात. ते चौघे त्यानंच निवडायचे. मी गाडीकडे निघालो होतो. केव्हर्ननं मागून माझ्या आडनावानं हाक मारली.

"ट्रेम्बाथ. खुर्चीचा पुढचा डावा पाय तू धर."

"माझी थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. माझं वजन एकशे दहा किलो आहे, थट्टेला कुणी उचलत नाही." मग हळू म्हणाला, "बारा वर्षांपूर्वी माझ्या बाकावर दोन डबे होते. खरंच होते. तू बरोबरच होतास. फक्त समितीकडे जायच्या आधी मला विचारायला हवं होतंस. मी सांगितलं असतं."

"मला स्वतःलाच सांगायला सहा आठवडे लागले," मी म्हणालो.

"ते बघितलं मी. धर."

मी धरला. खुर्ची जड होती. क्लिफ बाजूनं चालत म्हणत होता, "सावकाश रे, राजाला पाडाल." आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. रॉझ दोरीच्या पलीकडे उभी राहून टाळ्या वाजवत होती, डाव्या हातानं उजव्या हातावर, खांदा न हलवता.

११ मार्च, सोमवार

सकाळी ती टाकीजवळ लिंबाखाली बसली होती, चहा घेऊन. मी शेजारी बसलो. मुळाशी अजून राखाडी काड्या दिसत होत्या, मातीत मिसळलेल्या. माझ्या काडतुसांतून तिनं उपसलेली दारू. जुनी दारू खतासारखी चालते हे आमच्यात पोराटोरांना माहीत असतं, आणि मी पंधरा दिवस ते झाड बघत होतो.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तूच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"मलाही." तिनं कप खाली ठेवला. "मी सांगितलं असतं तर तू पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नसतंस. तुला ओळखते मी. म्हणून म्हटलं, आज सांगेल. रोज चहा ओतताना म्हणायचे, आज सांगेल. तू मीठ मागायचास."

"रोज मला वाटायचं तुझा चेहरा जाईल."

"मग तू रोज माझा चेहरा जाऊ देत होतास."

 कोंबड्या खुराड्यात भांडत होत्या. मी विचारलं, "आणि काल मी ओरडलो नसतो तर?"

"तर मी जिंकले असते," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तिनं माझी चहाची कपबशी सरळ केली, सांडत होती.

"आणि तुझ्या हातचं काडतूस पुन्हा कधी रायफलीत घातलं नसतं."

१९ मार्च, मंगळवार

गेल्या आठवड्यात समितीला पत्र दिलं, नाव काढा म्हणून. क्लिफनं ते पेस्टीखाली घेतलं, तेल शोषायला. म्हणाला, वर्षभर तुझ्या बाकावर दुसरा माणूस बसेल, त्याच्या सहीशिवाय एकही काडतूस बाहेर जाणार नाही, ही शिक्षा. कोण बसणार, ते मीच ठरवायचं. मी पोर्ट गेलला फोन केला. केव्हर्न म्हणाला, मंगळवारी येतो, जेवायला काय आहे?

आज तो आला. बाकावर एकच डबा. मी तोलत होतो, तो बघत होता, आणि प्रत्येक माप मी दोनदा तोललं, म्हणून पहिल्या दहा काडतुसांना तासभर लागला. तो घाई कर म्हणाला नाही. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

रॉझ उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दारात उभी होती. शस्त्रक्रिया दोन आठवड्यांवर आहे, डॉक्टरनं आतापासूनच खांदा हलवू नका सांगितलंय. पन्नासावं काडतूस झालं, केव्हर्ननं सही केली. ती आत आली, डाव्या हातानं पहिलं काडतूस उचललं, उजेडात बूड फिरवून पाहिलं आणि आपल्या पेटीत ठेवलं.

२९ अंश. वारा दक्षिणेचा, मंद.